हलका हात

को पी-ताओ आमच्या प्रयोगशाळेत आली ती पिंजरे धुवायला. त्याआधी सात वर्षं ती माशांचे काटे काढायच्या कारखान्यात होती. तैवानमधल्या आमच्या ताइनानच्या तळ्यांतल्या माशाला दोनशेच्या वर काटे असतात, केसासारखे बारीक, आणि ते डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधावे लागतात. मग एका हिवाळ्यात छीकू गावची तळी गारठली, मासे पोट वर करून तरंगायला लागले, कारखाना बंद पडला. पी-ताओ वयाच्या एकतिसाव्या वर्षी आमच्या तळमजल्यावर उंदरांची घाण काढायला लागली.

मी तिथे आले ती तिच्यानंतर चौदा वर्षांनी. माझं नाव आ-शिऊ. मी फटकळ आहे, आणि हे काही मी कौतुकाने सांगत नाही. पुढे जे झालं त्यात माझ्या तोंडाचाही वाटा आहे. तिला सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताई म्हणायला लागले, आणि तिच्या नवऱ्याला, हुंग श्वेई-मूला, दाजी.

तोवर ताईच्या हातात ब्रशच्या जोडीला चिमटाही आला होता. एकदा प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, तुंग सरांचा, एक विद्यार्थी उंदराच्या मानेतली रक्तवाहिनी उघडत होता आणि ही मागे बादली घेऊन उभी. म्हणाली, "अहो, तिथून ओढू नका, फाटेल." तो म्हणाला, "तुम्ही तुमचं काम करा." आणि फाटली. सर दारातून बघत होते. त्यांनी चिमटा तिच्या हातात दिला. तेव्हापासून आमच्याकडची सगळी ऑपरेशनं ताईच करायची, आणि मोठमोठ्या पदव्यांचे लोक तिच्या खांद्यावरून वाकून बघायचे.

काम असं: उंदीर झोपवायचा, मान भादरायची, श्वासनळीशेजारी छोटा छेद घ्यायचा. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीत एक नळी सरकवायची, तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा फुगा. सुईच्या पिचकारीने पाणी भरून फुगा फुगवायचा आणि हलके फिरवत मागे ओढायचा. तीनदा. एवढ्याने वाहिनीचं आतलं अस्तर खरवडून निघतं. टाके घालायचे, बारा मिनिटांत उंदीर पिंजऱ्यात. चौदा दिवसांनी ती वाहिनी काढून माझ्याकडे यायची. मी तिच्या पातळ चकत्या कापायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे की भोक किती उरलंय.

कारण भोक बुजत जातं. वाहिनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशींचा एक थर असतो, एरवी सुस्त पडलेला. अस्तर खरवडलं गेलं की काही प्रथिनं त्यांना हाका मारतात, उठा, वाढा, जखम भरा. पेशी उठतात, आत सरकतात, वाढतात. काम झालं की "पुरे" म्हणणारी दुसरी प्रथिनं असतात. पण ती उशिरा येतात किंवा त्यांचा आवाज कमी पडतो, आणि पेशी आपल्या वाढतच राहतात. जखम भरता भरता वाटच बंद. डॉक्टर माणसाची अडलेली वाहिनी फुग्याने उघडतात तेव्हाही हेच होतं: उघडायला जावं, तर तीच जखम.

हे ताईला शिकवायची गरज नव्हती. दाजींची मूत्रपिंडं गेल्याला नऊ वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा चार-चार तास ते यंत्राला जोडलेले. त्यासाठी हातातली शीर आणि धमनी एकमेकींना शिवून जाड वाहिनी करतात, तिच्यात दर वेळी दोन जाड सुया. डाव्या हाताची दोनदा करून बुजली. उजव्या हाताची चालू होती, तीही दर तीन-चार महिन्यांनी अरुंद व्हायची आणि फुग्याने उघडावी लागायची. रोज सकाळी ताई त्यांच्या हाताला कान लावून आतली घरघर ऐकायची.

"काय म्हणतोय भुंगा?" दाजी विचारायचे.

"म्हणतोय, म्हाताऱ्याने काल लपून सूप प्यायलं."

"चुगलखोर आहे. अर्धी वाटी होती फक्त."

"अर्धी वाटी! दीड किलो वजन वाढलंय, ते काय हवेनं?"

दाजी मूळचे तळेवाले. मासे, पाऊस, भरती-ओहोटी यांच्यावरच बोलायचे, आणि मला बघितलं की म्हणायचे, "आली सुरीवाली. माझी शीर कापायला आलीस का गं? थांब जरा, अजून वापरात आहे." मला त्यांचा फार लळा होता. माझ्या वडिलांशी मी चार वाक्यं नीट बोललेले नाही, दाजींबरोबर तासन्‌तास भांडायचे.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, उजवा हात गेला की मांडी. मांडीत कृत्रिम नळी घालायची. पण दाजींना साखर होती, हृदय कमजोर, आणि मांडीतली नळी पिकली तर रक्तात विष पसरतं. मानेतून दोनदा नळी घातलेली, दोन्ही वेळा ताप भरून मरता मरता वाचलेले. म्हणजे हिशेब सरळ होता: उजवा हात टिकला तर दाजी टिकले.

आणि त्याच वर्षी आमच्या सतरा नंबरने कमाल केली.

सतरा नंबर म्हणजे "पुरे" म्हणणारं एक प्रथिन. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस अर्ध्या उंदरांना ते टोचायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या पिंजऱ्याला काय, ते सरांच्या कपाटात बंद पाकिटात. ताईला माहीत नाही, मला माहीत नाही. पाकीट उघडलं तेव्हा सतरावाल्यांच्या वाहिन्यांत वाढ निम्मी होती. निम्मी! मी आकडे तीनदा तपासले. सर खुर्चीतून उठले आणि परत बसले. ताई एका कोपऱ्यात उभी होती, ती म्हणाली, "माणसांना कधी?"

माणसांना इतक्यात द्यायचं नसतंच. पण रुग्णालयाच्या समितीने, ज्यांच्यापुढे फारसे मार्ग उरलेले नाहीत अशा सहा जणांसाठी खास परवानगी दिली. फुग्यावर सतरा नंबरचा लेप द्यायचा. अट एकच, पुढचे सहा महिने त्या वाहिनीवर दुसरा कुठलाही इलाज करायचा नाही, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही. सहांत तिसरं नाव हुंग श्वेई-मू. पहिला लेप ऑक्टोबरात.

जुलैत दाजींची वाहिनी परत आवळली, नेहमीच्या साध्या फुग्याने उघडायची ठरली. एरवी ताई बाहेर बसायची. त्या दिवशी डॉक्टरांनी तिला काचेमागे उभं राहू दिलं, म्हणाले, तुम्ही आमच्याच धंद्यातल्या. तिथे तिने पाहिलं की फुगा फुगवायच्या पिचकारीला एक गोल तबकडी असते, दाब दाखवणारा काटा असलेली. काटा बघून नर्स आकडे वाचते, आठ, दहा, बारा, आणि डॉक्टर सांगतील त्या आकड्याला थांबते.

आमच्याकडे काटा नव्हता. ताईचा हात हाच काटा. बोटांना अडकल्यासारखं लागलं की ती थांबायची. तिच्या हाताचे आकडे इतके एकसारखे यायचे की काट्याची गरज आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सर तर पाहुण्यांना सांगायचे, हे यंत्र आम्हाला माशांच्या कारखान्यातून मिळालं.

ती तबकडीची पिचकारी एकदा वापरून फेकून देतात. ताईने नर्सकडून ती मागून घेतली, धुतली, आणि दोन दिवसांनी माझ्यासमोर ठेवली.

"हिला छोटा काटा लावून घेतलाय, खालच्या दुरुस्तीवाल्याकडून. उद्या दहा उंदीर आहेत. पिंजऱ्यांवर फडकं टाक, एकेक उंदीर काढून माझ्या हातात दे. कुठल्या पिंजऱ्यातला ते मला कळता कामा नये. मी काट्याकडे बघणार नाही. तू बघ आणि लिही. तोंड उघडू नकोस."

"माझं तोंड काय मध्ये येतंय?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, बाई. मागे उभी राहा."

दहा उंदीर झाले. काटा दर वेळी दोनच्या आसपास. मी मनात म्हटलं, बघा, हात आहे की गंमत आहे. दुसऱ्या दिवशी तिने उरलेले दहा घेतले, फडकं न टाकता, नेहमीसारखे आपल्या हाताने पिंजऱ्यातून काढून. पहिला दोन. दुसरा दीड. तिसरा दोन. चौथा दीडच्याही खाली. मी लिहीत गेले. शेवटचा टाका घातल्यावर तिने हातमोजे काढले आणि कागद न बघता पाच पिंजरे बोटाने दाखवले.

"ह्यांना कमी भरलं ना?"

पाचच्या पाच बरोबर. आणि दहांतल्या पाचांनाच सतरा दिलेलं असतं.

"तुला कसं कळतं कुठल्यांना सतरा दिलंय ते?"

"पिंजरे कोण साफ करतं?" ती म्हणाली. "सतरा टोचलं की त्यांना दोन दिवस पातळ होतं. भुसा बदलताना दिसतं. मी काही कुणाचं पाकीट फोडलं नाही, आ-शिऊ. नुसतं दिसायचं. आणि टेबलावर घेतला की वाटायचं, ह्याला औषध मिळालंय, हा बरा होणार आहे. बऱ्या होणाऱ्याला कोण जोरात ओरबाडतं गं? मला हे माहीतच नव्हतं. तिकडे काचेमागे काटा चढताना बघितला आणि हातात काहीतरी आठवल्यासारखं झालं."

कमी जखम, म्हणून कमी वाढ. सतरा नंबर निम्म्याने काम करतो की ताईचा हात निम्म्याने हलका पडत होता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. आणि चूक सगळ्यांची होती. पिंजरे एकाने सांभाळायचे आणि ऑपरेशन दुसऱ्याने करायचं, हे शाळेतलं पोर सांगेल. पण आमच्याकडे माणसं कमी, आणि ताईच्या हातावर देवासारखा विश्वास.

मग मी माझं तोंड उघडलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस? ऑक्टोबरात दाजींचा लेप होऊ दे. सतरा गुणी असेल तर तुझ्या सांगण्याने त्याचा गुण जाणार आहे का? नसेल तर नसेल. चार महिने गप्प बस, मग सांग जगाला."

ती दुपारी देवळात गेली. आमच्याकडे लाकडाचे दोन अर्धचंद्र देवासमोर टाकतात. एक पालथा एक उताणा पडला तर होय, दोन्ही पालथे तर नाही, दोन्ही उताणे तर देव नुसता हसतोय. परत आली तेव्हा म्हणाली, "तीनदा टाकले. तिन्ही वेळा हसला."

"तुझ्या देवाला दुसरं काम नाही," मी म्हटलं. मला रडू येत होतं, म्हणून मी तशी बोलले.

दाजींना तिने यंत्रावर असताना सांगितलं. मुद्दाम ती वेळ निवडली, कारण दोन सुया टोचलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. मी डबा घेऊन गेले होते, पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तिने सगळं सांगितलं, लेंड्यांपासून काट्यापर्यंत. दाजी छताकडे बघत होते.

"म्हणजे सव्वीस वर्षं उंदरांना फसवलंस, आता माझी पाळी."

"म्हाताऱ्या, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय?" त्यांचा आवाज चढला, शेजारच्या खुर्च्यांवरच्या माना वळल्या. "ऑक्टोबरपर्यंत गप्प बसायला काय झालं होतं तुला? नवरा जगावा एवढं पाप तुला करवत नाही? उंदराचं पाप चालतं, माझं नाही?"

"त्या सहांत ती बघ," ताईने हनुवटीने पलीकडच्या खुर्चीकडे दाखवलं. तिथे लियाव बाई, शाळेतल्या निवृत्त मास्तरीण, तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. "सहा महिने तिला दुसरा इलाज करू देणार नाहीत. माझ्या हातावर भरवसा ठेवून. सतरा खोटा निघाला आणि तेवढ्यात तिची शीर गेली तर?"

"तिला सांगितलंस?"

"आधी तुला."

दाजींनी मान भिंतीकडे वळवली. उरलेले दोन तास ते एक शब्द बोलले नाहीत, आणि घरी जाऊन तीन दिवस बोलले नाहीत. ताई त्यांच्यापुढे वाटी ठेवायची, ते वाटी रिकामी करून खाली ठेवायचे. मीसुद्धा ताईवर चिडले होते. खरं सांगायचं तर मला तेव्हा लियाव बाईंचं काही पडलं नव्हतं. मला दाजी हवे होते.

चौथ्या दिवशी तिने सरांच्या टेबलावर कागद ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला. सर वाईट माणूस नाही, पण पहिल्यांदा तेही म्हणाले, "पी-ताओ, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. आपण शांतपणे प्रयोग परत करू, मग बघू."

"आणि ऑक्टोबर?"

दुसऱ्या दिवशी सरांनी समितीला पत्र लिहिलं. सहा जणांची परवानगी थांबली. लियाव बाईंच्या वाहिनीवर बाजारातल्या नेहमीच्या औषधी फुग्याने इलाज झाला आणि ती अजून चालते. मला त्याचा आनंद व्हायला हवा. कधी कधी होतो.

दाजींची वाहिनी ऑक्टोबरच्या शेवटी बंद पडली. औषधी फुगा, साधा फुगा, सगळं करून झालं होतं. ते ऑपरेशनला निघताना मला म्हणाले, "मांडी तर मांडी. सुरीवाली, तू जरा लांबच राहा." ताईकडे बघून म्हणाले, "म्हातारे, तुझ्यावरचा राग गेला नाही माझा. पण परत आल्यावर बघू." त्या दोघांत तेवढाच समेट झाला. नोव्हेंबरात नळी बसली, डिसेंबरभर चालली, जानेवारीत पिकली. आमच्या चांद्र नवीन वर्षाच्या आठ दिवस आधी दाजी गेले. ताप इतका होता की शेवटी ते तिला ओळखतही नव्हते. तळ्याचं पाणी गार पडतंय, मासे खोल पाण्यात हाका, एवढंच म्हणत होते.

ताई पंधरा दिवसांनी कामावर आली. प्रयोग परत चालू झाला होता आणि ऑपरेशनं तिनेच करायची हे तिने स्वतः मागून घेतलं. या वेळी पिचकारीला काटा, आकडा ठरलेला, पिंजरे दुसरीकडे, दुसऱ्या माणसाकडे. उंदीर फडक्यात गुंडाळून यायचा, फक्त मान उघडी. ती कुणाशी बोलायची नाही. काटा दोनवर आला की "दोन" म्हणायची, बस.

एप्रिलमध्ये माझी मोजणी पूर्ण झाली. सरांनी आम्हा दोघींसमोर पाकीट फोडलं आणि मी आकडे दोन रांगांत लावले. मला वाटलं होतं दोन्ही रांगा सारख्या येतील. देवाशपथ सांगते, मला तसंच हवं होतं. ताईने जे केलं ते बरोबर होतं, सतरा नंबर थोतांड होता, दाजींचं काहीच गेलं नाही, एवढं मला तिला सांगायचं होतं.

दोन्ही रांगा सारख्या नव्हत्या. सतरावाल्यांत वाढ पाचव्या हिश्श्याने कमी होती. निम्मी नाही, पण योगायोगही नाही. सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद आला, मग त्यांनी ताईकडे पाहिलं आणि कागद उलटा ठेवला. "मी फोन करून येतो," म्हणत ते बाहेर गेले.

ताईने कागद सुलटा केला. तिला आकडे वाचता येतात. सव्वीस वर्षं ती माझ्या आणि माझ्या आधीच्यांच्या मागे उभी राहून वाचत आलीय.

"काम करतो म्हणजे," ती म्हणाली.

"थोडंसं, ताई. फार थोडं. उंदरांत."

"माणसाच्या हातात पाचव्या हिश्श्याचे किती दिवस होतात?"

"असं सांगता येत नाही."

"तू मोजतेस ना? अंदाज सांग."

तिने माझं मनगट धरलं होतं. त्या हाताला खोटं लगेच कळतं. खोटं सांगण्याएवढी मी चांगली असते तर तेव्हाच सांगितलं असतं. पण मीच म्हटलं होतं चार महिने गप्प बस, आणि आता मीच तिच्यासमोर बसले होते, बरोबर ठरलेली. असं बरोबर ठरणं माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

"दोन महिने," मी म्हटलं. "कदाचित तेही नाही."

तिने मनगट सोडलं. खुर्ची ओढली, पण बसली नाही, पाठीला धरून उभी राहिली.

"दोन महिने," ती म्हणाली. "म्हाताऱ्याचा राग जायला पुष्कळ झाले असते गं."